सव्वापट

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणीपुरवठा खात्याच्या पेन्शन विभागात वजाबाईंच्या टेबलावर एक कागद आपटला गेला. आपटणारे त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान होते. खात्यात ते पंपघरावर ऑपरेटर, घरात सगळ्यांचे दाजी. परवा, महिनाअखेरीला, ते नोकरीतून बाहेर पडणार होते. वयाप्रमाणे अजून चार वर्षं बाकी होती, पण त्यांनी स्वतःच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला होता. टेबलावरचा कागद म्हणजे त्यांच्या पेन्शनचा आदेश.

"हे बघ मेव्हणीबाई, टायपिंगची चूक आहे," दाजी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. उभी हयात पंपांच्या घरघराटात गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा सभेतल्या भाषणासारखी निघायची. पलीकडे आवक-जावक पाहणाऱ्या बाईने मान वर केली आणि, काही ऐकलंच नाही अशा थाटात, परत खाली घातली.

वजाबाईंनी कागद उचलला. हुद्दा, सेवेची वर्षं, सरासरी पगार, आणि शेवटच्या ओळीत दरमहा निवृत्तिवेतन, चोवीस हजार. त्यांनी दोनदा वाचलं.

"चूक कुठे आहे दाजी?"

"चोवीस लिहिलंय."

"चोवीसच आहे. मी तुम्हाला चोवीसच सांगितलं होतं. तुमच्या घरी, जेवताना."

"तेच तर म्हणतोय मी! तू चोवीस सांगितलंस म्हणजे तीस यायला पाहिजेत."

"तीस कुठून आले?"

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"सव्वापट," ते म्हणाले. "तुझा आकडा सव्वापट करायचा असतो. सगळ्या खात्याला माहीत आहे."

वजाबाईंना ते माहीत नव्हतं.

आपल्याला मागे वजाबाई म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. निवृत्तीच्या वाटेवरचा माणूस एखादं वर्ष आधी त्यांच्याकडे येई, खुर्चीच्या कडेवर बसे आणि विचारी, "बाई, अंदाजे किती बसेल हो?" बाई त्याचं सर्व्हिस बुक काढत, कच्च्या कागदावर हिशेब करत आणि एक आकडा सांगत. तो आकडा खऱ्यापेक्षा कमी असे. यायची असलेली वेतनवाढ त्या धरत नसत. जुनी एखादी रजा संशयास्पद दिसली की ती बिनपगारी समजत. पूर्ण वर्षांच्या वरचे महिने सोडून देत. सगळं मिळून साधारण पाचवा हिस्सा गळायचा. मग प्रत्यक्ष आदेश आला की माणूस फुलून जायचा, पेढे वाटल्यासारखा चेहरा घेऊन परत यायचा आणि म्हणायचा, "बाई, तुमच्या पायगुणानं वाढून आलं!"

ही रीत त्यांनी काढलेली नव्हती. त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कने ती त्यांना शिकवली होती. त्याने कधीकाळी एका फिटरला पूर्ण आकडा सांगितला होता. पुढे सर्व्हिस बुकात सहा महिन्यांची विनापरवाना गैरहजेरी सापडली, आकडा उतरला, आणि फिटर पोराबाळांसकट येऊन दारात बसला. "कमी सांगितलं म्हणून आजवर कुणी कोर्टात गेलेलं नाही," हेडक्लार्क म्हणायचा. वजाबाईंना ते पटलं. त्यात त्यांना दयाही दिसली. माणूस शेवटच्या दिवशी हसत घरी जावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण लोक काही दुधखुळे नसतात. दहा जणांनी आपले आदेश बाईंच्या अंदाजाशी ताडून पाहिले, अकराव्याला गुणाकार सांगितला. बाई वजा करत राहिल्या, खातं गुणत राहिलं, आणि दोघं मिळून हिशेब बरोबर जमत गेला. त्यामुळे तक्रार कुणाची आलीच नाही.

"दाजी, इकडे या," असं म्हणून वजाबाईंनी त्यांना बाहेर जिन्याच्या वळणावर नेलं. तिथे जुनी कपाटं रचून ठेवलेली होती आणि कुणी फिरकत नसे. "तुमच्या आकड्यात मी काही वजा केलं नव्हतं. एक रजा इकडची तिकडे केली नाही. लेखाविभागात जाऊन तुमची वेतननिश्चितीसुद्धा तपासून आले होते."

"का?" दाजी म्हणाले.

"का म्हणजे? ताईचं घर आहे ते. परक्याला सांगते तसं तुम्हाला कसं सांगणार?"

"मग तसं म्हणायचं होतं ना, की बाबांनो, आज मी खरं सांगतेय!"

"घरात बसून असं म्हणावं लागतं का?"

"तू एवढी वर्षं सगळ्यांना कमी सांगितलंस आणि एक दिवस न कळवता खरं बोललीस. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?" दाजींचा आवाज पुन्हा चढला. जिन्यावरून एक शिपाई खाली येत होता, तो तसाच मागे फिरला. "मी जागा घेतलीय भाड्यानं. करार झालाय. तुला माहीत नाही का?"

जागा त्यांना माहीत होती. भाडं माहीत नव्हतं. दाजी-ताई खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत. नोकरी सुटली की क्वार्टर सोडावी लागते, म्हणून त्यांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या तीन वर्षांच्या कराराने घेतल्या होत्या. ताईचे गुडघे जिने चढण्यापलीकडे गेलेले. तळमजला हवा म्हटल्यावर मालकाने तोंड फाडलं, पण तिसांच्या हिशेबाने ते परवडणारं होतं. ग्रॅच्युइटीची रक्कम पतपेढीचं कर्ज फेडण्यात जाणार होती. पुढचं सगळं ह्या एका मासिक आकड्यावर होतं.

"भाडं किती?"

दाजींनी सांगितलं. वजाबाईंनी चोवीसातून ते वजा केलं. आयुष्यभराची सवय, क्षणसुद्धा लागला नाही. उरलेल्यात ताईची औषधं, वीज आणि दोन माणसांचं पोट बसत नव्हतं. दाजींच्या कानाच्या यंत्राचा तर प्रश्नच नव्हता.

"अर्ज मागे घ्या," त्या म्हणाल्या. "शेवटचा दिवस मावळायच्या आत, साहेबांची संमती असेल तर, मागे घेता येतो. मी नियम काढून ठेवते."

"काय?"

"अर्ज! मागे! घ्या!"

"हे मला ऐकू आलं होतं," दाजी म्हणाले. "मी म्हटलं काय, ते वेगळ्या अर्थाने." आणि ते पंपघराकडे निघून गेले. त्यांची पाळी दुपारची होती.

टेबलाशी परत आल्यावर वजाबाईंच्या मनात भलतंच आलं. नकाशे काढणारा तो ट्रेसर. डोळे अधू झाले म्हणून तो लवकर सुटायचं म्हणत होता. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून त्याने दोन वर्षं आणखी काढली. आदेश हातात पडल्यावर तो कागद नाकाशी धरून वाचत म्हणाला होता, "बाई, हे तेव्हाच कळलं असतं तर." त्यांनी ते कौतुक समजून हसून घेतलं होतं. ट्रेसरला बहुधा गुणाकार कुणी सांगितला नसावा. तो कुणाशी फारसा बोलायचाच नाही.

संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. क्वार्टरमध्ये खोकी बांधून भिंतीला लावलेली होती, पडदे उतरलेले होते, आणि उघड्या खिडकीतून पंपघराचा घुमघुमाट सरळ आत येत होता. ताई जमिनीवर पाय पसरून भांडी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत होती. दाजींनी फोनवरून सगळं सांगितलं होतं, ते तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

"बस," ताई म्हणाली. "खुर्ची बांधलीय. खोक्यावर बस. त्यात कपडे आहेत, फुटायचं काही नाही."

वजाबाई बसल्या.

"तू चोवीस म्हणालीस तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, आठवतं?" ताईने विचारलं.

"हो. मला वाटलं, आनंद झाला."

"आनंदच झाला होता. पण मी त्यांना डोळ्यांनी खूण केली, की सव्वापट करा." तिने एक पातेलं गुंडाळून बाजूला ठेवलं. "त्यांना शंका आली होती गं. रात्री म्हणाले, ती आपल्याला खरा आकडा तर सांगत नसेल ना? मीच म्हटलं, माझी बहीण आहे, मला माहीत आहे. ती लहानपणी परीक्षेचे मार्कसुद्धा कमी सांगायची. निकालाच्या दिवशी आईने खूश व्हावं म्हणून."

"ताई."

"मग काय! हट्टाने म्हटलं मी. आता कुणाला बोलू? तुला की मला?"

"मला बोल."

"तुला बोलून भाडं कमी होणारे का?" ताई म्हणाली, आणि मग एकदम रडायला लागली. हातातला कागद तिने डोळ्यांना लावला आणि शाई गालाला लागली. वजाबाईंनी पदराने ती पुसली.

"त्या घरमालकाला विचारून बघू," त्या म्हणाल्या.

"विचारलं. करार मोडला तर अनामत जाते. आणि मोडून जायचं कुठे? पोरीच्या घरी? जावई तोंडाने या म्हणतो, पाय मात्र दारातच रोवून उभा असतो."

"म्हणून तर म्हणते, अर्ज मागे घेऊ द्या त्यांना. चार वर्षं निघतील. पगार चालू राहील, क्वार्टर राहील, पेन्शनही वाढेल."

"आणि कान?" ताई म्हणाली.

कानाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. हा आवाज थांबला नाही तर उरलेलं ऐकू येणंही जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. दाजींनी दोनदा बदली मागितली होती. ऑपरेटर म्हणून लागलात, ऑपरेटर म्हणूनच राहा, असं खात्याचं दोन्ही वेळचं उत्तर. म्हणून तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचं ठरलं होतं.

"नातीचं बोलणं त्यांना आत्ताच कळत नाही," ताई म्हणाली. "बारीक आवाज आहे तिचा. ती बोलते, ते माझ्याकडे बघतात, मी मोठ्यानं सांगते. मग ती म्हणते, आजी, तू कशाला बोलतेस मधे?"

दाजी पाळी संपवून आले तेव्हा दोघी बहिणी अजून तशाच बसलेल्या होत्या. त्यांनी हातपाय धुतले, खोक्यांमधून वाट काढत मध्ये येऊन उभे राहिले आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"मयत झाल्यासारख्या काय बसलाय? अर्ज लिहा," ते म्हणाले. "कान गेले तरी पगार ऐकू येतो."

वजाबाईंनी अर्ज लिहिला. कारणाच्या ओळीवर येऊन पेन थांबलं.

"घरगुती अडचण लिही," दाजी म्हणाले. "त्याच्यावर कुणी काही विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच वजाबाई अर्ज घेऊन स्वतः साहेबांच्या दालनाबाहेर उभ्या राहिल्या. साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता, संमती द्यायचा अधिकार त्यांचाच. त्यांच्या पीएने अर्ज वाचला आणि जीभ चावली.

"बाई, ह्यांच्या जागेवर माणूस आलाय. परवाच बदलीचा आदेश निघाला. तो आज हजरही होईल."

"हजर होऊ दे. अर्ज नियमात आहे."

"नियमात आहे हो. तुम्ही घेऊन आलात म्हणजे असणारच. घरगुती कारण आहे, बरं झालं. साहेब अशावर डोळे झाकून सही करतात. फक्त आत जास्त बोलू नका."

साहेबांनी अर्ज वाचला. त्यांचं स्वतःचं निवृत्तीचं वर्ष जवळ आलेलं होतं. टेबलाच्या काचेखाली नवीन घराचा नकाशा सरकवलेला दिसत होता. त्यांनी पेन उघडलं. मग, सही करता करता सहज विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "हे तुमचे मेव्हणे ना? अडचण काय आली एकदम?"

पीए दारात उभा होता. त्याने भुवया उंचावल्या. वजाबाईंच्या जिभेवर ताईचे गुडघे आलेले होते. ते खोटंही नव्हतं.

"पेन्शनचा आकडा त्यांनी जास्त धरला होता साहेब," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडून अंदाज घेतला नव्हता का?"

"घेतला होता."

"चुकला तुमचा?"

"नाही साहेब. बरोबर होता."

"मग?"

"बरोबर होता म्हणूनच. मी कमी सांगते, असं धरून त्यांनी तो सव्वापट केला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं नाही, पण टोपण लावलं. त्यांची नजर काचेखालच्या नकाशावर गेली आणि परत आली.

"मला तुम्ही अठ्ठेचाळीस सांगितलेत," ते म्हणाले.

"हो साहेब."

"मी साठ धरून चाललोय."

साहेबांनी काचेखालच्या नकाशावर बोट टेकवलं.

"साठ की अठ्ठेचाळीस? नीट सांगा."

"साठच्या आसपास येतील. तुमचा आकडा नेहमीचाच होता."

साहेबांनी श्वास सोडला. तो सुटकेचा होता हे पीएलाही कळलं. पण सुटका झालेला माणूस खुर्चीत ताठ बसला की त्याला आपला हुद्दा आठवतो.

"म्हणजे खात्यात वर्षानुवर्षं लोकांना चुकीचे आकडे दिले जातात. आणि लोक त्यावर घरं घेतात, नोकऱ्या सोडतात."

"शिक्का नसतो साहेब. कच्च्या कागदावर देते. तोंडी."

"तुम्ही तोंडी देता आणि मी तोंडी गुणतो. उद्या चौकशी झाली तर मी काय सांगू?" त्यांनी अर्ज पुन्हा हातात घेतला. "इथे लिहिलंय घरगुती अडचण. तुम्ही आता मला दुसरं कारण सांगितलंत. हे ऐकून मी सही केली, तर उद्या प्रत्येक जण येईल आणि म्हणेल, बाईंचा आकडा मी भलताच गुणला, मला परत घ्या."

"दुसरं कुणी येणार नाही साहेब. बाकीच्यांचं गुणून बरोबर येतं."

पीएने तोंडावर हात धरला. साहेब हसले नाहीत.

"तुमच्या मेव्हण्यांना एकट्यालाच खरं सांगितलंत?"

"हो."

"का?"

"घरचे आहेत."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. मग अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'चर्चा करावी', खाली बारीक सही केली आणि अर्ज टेबलावर न ठेवता आपल्या बॅगेत ठेवला. मुख्यालयात त्यांना बैठक होती. तिथे मुख्य लेखाधिकाऱ्यांच्या कानावर घालतो, म्हणाले.

"उद्या शेवटचा दिवस आहे साहेब," वजाबाई म्हणाल्या.

"मला तारीख कळते," साहेब म्हणाले. ते उठले आणि गेले.

बाहेर पीए म्हणाला, "बाई, काय केलंत हो हे? पेन उघडलेलं होतं त्यांचं."

"बघितलं मी."

"घरातलं कुणाचं दुखणं सांगायचं होतं."

"तेच सांगणार होते," वजाबाई म्हणाल्या, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. तिथे स्टोअरमधला एक कारकून खुर्चीच्या कडेवर वाट पाहत होता. त्याला पुढच्या वर्षी सुटायचं होतं. अंदाजे किती बसेल, म्हणाला. त्यांनी त्याला दोन दिवसांनी यायला सांगितलं. त्याने उठता उठता विचारलं, "बाई, तब्येत बरी नाही का?"

दुपारी त्या पंपघरावर गेल्या. नवा ऑपरेटर हजर झालेला होता, तिशीतला, डोक्यावर कोरी टोपी. दाजी त्याला पंप दाखवत होते. दोन नंबरचा पंप सुरू करताना आधी झडप अर्धी उघडायची, नाहीतर पाइपला दणका बसतो, हे ते त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते, आणि तो मान डोलावत होता. वजाबाईंना पाहून ते बाहेर आले. आवाजात काही सांगणं शक्य नव्हतं. त्यांनी अंगठा वर करून विचारलं, झालं?

वजाबाईंनी हात आडवा हलवला. मग काय झालं ते दारापासून दूर, टाकीच्या सावलीत नेऊन त्यांना सांगितलं. पूर्ण सांगितलं. दाजी त्यांच्या ओठांकडे बघत ऐकत होते.

"म्हणजे परत खरंच बोललीस," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"बरं." त्यांनी खिशातला रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घालून परत ठेवला. "ह्या पोराची बायको विचारत होती, क्वार्टर कधी रिकामी होईल. पोरं आहेत, शाळेचं बघायचंय. मी म्हटलं, उद्या सांगतो."

ते आत गेले.

साडेपाचला कार्यालय सुटलं तेव्हा साहेब परतलेले नव्हते. पीएने त्यांच्या ड्रायव्हरला फोन लावला. बैठक चालू आहे, साहेब आत आहेत, बॅग त्यांच्याजवळच आहे, असं ड्रायव्हर म्हणाला. साहेब उद्या सकाळी कार्यालयात येतील की तिथूनच धरणावर दौऱ्याला जातील, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पीएलाही माहीत नव्हतं.